नवऱ्याच्या वाटच्या गोळ्या

आमच्या भागात एखादी बाई दवाखान्यात येऊन 'कंबर दुखते' म्हणाली, की तिची कंबर दुखत नसते. हे कळायला मला नोकरीची पहिली दोन वर्षं लागली. तोवर मी बिनडोकपणे मलमाच्या ट्यूबा वाटत होते. मग आमच्या एका जुन्या आयाबाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, सिस्टर, आधी दार लोटा अन् मंग इचारा. दार लोटलं की खरं दुखणं बाहेर यायचं. अंगावरून पांढरं जातं, वास येतो, खाज सुटते, नवऱ्याजवळ गेलं की रक्त दिसतं. आणि हे सगळं चार-चार वर्षं अंगावर काढलेलं असायचं.

मी मूळची नांदुऱ्याची. नोकरी सगळी बुलडाणा जिल्ह्यातच झाली, आधी साखरखेर्ड्याच्या बाजूला आणि नंतर उंद्रीच्या पुढं एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. परिचारिका म्हणून लागले आणि परिचारिका म्हणूनच गेल्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीच्या उत्तरार्धात गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं. गळ्यात पडलं म्हणते खरी, पण पुढं ते मला आवडायला लागलं. सिस्टरचा हात हलका आहे असं बाया एकमेकींना सांगायच्या, आणि कौतुक कोणाला कडू लागतं?

तपासणी अगदी साधी आहे. बाईला टेबलावर घ्यायचं, आतलं दिसावं म्हणून एक उपकरण हळूच बसवायचं, गर्भाशयाच्या तोंडावर पातळ केलेलं व्हिनेगर कापसानं लावायचं आणि एक मिनिट थांबायचं. चायनीजच्या गाडीवर असतं त्याच जातीचं व्हिनेगर, फक्त मोजून केलेलं. जिथं पेशी बिघडायला लागल्या असतील तिथं पांढरा डाग उमटतो. डाग उमटला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पण पुढं तपासलंच पाहिजे. ते एक मिनिट फार मोठं असतं. बाई छताकडं बघत असते आणि मी घड्याळाकडं.

आता यातली मेख सांगते. हा कॅन्सर होतो एका विषाणूमुळं. तो नवरा-बायकोच्या संबंधांतून येतो आणि बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी येऊन जातो. येऊन जातो, हे महत्त्वाचं. शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हाकलून देतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. काही जणींच्या अंगात मात्र तो ठाण मांडून बसतो. का बसतो, त्याची कारणं बरीच आहेत, त्यातलं एक म्हणजे तिथले दुसरे जिवाणू. बाईच्या अंगात चांगले जिवाणू असतात, दह्यातल्या जिवाणूंच्या भावकीतले. ते तिथं आंबटपणा राखतात. वाईट जिवाणू माजले की ही व्यवस्था मोडते, आतली त्वचा लाल होते, सुजते, आणि विषाणूला राहायला आयती जागा मिळते. जिवाणू गोळीनं मरतात. विषाणू गोळीनं मरत नाही. (हे दह्याचं मी एकदा शिबिरात सांगितलं, तर पुढच्या आठवड्यात एक आजीबाई येऊन म्हणाल्या की लावून पाहिलं, गार वाटलं. तेव्हापासून दह्याचं नाव काढणं सोडलं.)

पण माझी खरी फजिती झाली ती 'विषाणू' या शब्दानं. साखरखेर्ड्याकडं असताना शेवंता नावाच्या एका सुनेला डाग दिसला. मी तिला आणि तिच्या सासूला समोर बसवून शिकवलेलं सगळं घडाघडा म्हटलं. सासूनं त्यातलं एकच ऐकलं, विष. सुनेच्या अंगात विष आहे. घरी गेल्यावर शेवंताची कपबशी वेगळी झाली, चुलीजवळ जायला बंदी झाली, आणि महिन्याभरात तिला माहेरी नेऊन घातलं. पुढची तपासणी राहिली ती राहिलीच. काही वर्षांनी तिचा भाऊ तिला घेऊन आला तेव्हा वासावरूनच मला कळलं की कॅन्सर पसरलाय, आणि मी तोंड फिरवून भिंतीकडं बघत उभी राहिले. ती गेली. त्या दिवशी मी ठरवलं की हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही. सगळ्यालाच जंतू म्हणायचं. जंतूला कोणी भीत नाही.

मोठा शहाणपणा केला असं मला वाटलं होतं.

वंदना आमच्या शिबिरात आली ती पावसाळ्यात, सोयाबीनची निंदणी उरकल्यावर. वय असेल पस्तीस-छत्तीस, दोन पोरं, अंगानं काटक, बोलायला तुटक. कंबर दुखते म्हणाली. मी दार लोटलं. आत पाहिलं तर गर्भाशयाचं तोंड लालभडक, पिवळट स्राव, कापूस लागला की रक्त. व्हिनेगर लावलं तर एका कडेला पांढरट काहीतरी उमटलं, पण धड कडा नाहीत. आमच्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण नजर पक्की. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, एवढी सूज असताना या डागावर विश्वास ठेवता येत नाही. आधी जंतुसंसर्ग बरा करू, नवरा-बायको दोघांनाही औषध द्या, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बघू.

या आजाराच्या गोळ्यांची पाकिटं तयार येतात. एका पाकिटात दोन गोळ्या, एकदमच घ्यायच्या. एक पाकीट बाईचं, एक नवऱ्याचं, कारण एकट्या बाईला बरं करून उपयोग नसतो. नवऱ्याला काही त्रास होत नाही, पण जंतू त्याच्याकडं असतात आणि तिला परत मिळतात. बाहेर साठ बाया रांगेत होत्या, आणि एकीचं पोर तर दारावर धपाधप लाथा मारत होतं. मी दोन पाकिटं वंदनाच्या हातात ठेवली आणि म्हणाले, जंतू झालेत, गोळ्यांनी मरतील, एक तुझं, एक तुझ्या नवऱ्याचं, दीड महिन्यानं परत ये. तिनं मान हलवली. सगळ्याच हलवतात.

दीड महिना झाला, ती आली नाही. गावच्या आशा कार्यकर्तीला, म्हणजे सुनीताला, मी विचारायला लावलं. निरोप आला की बरी आहे, गोळ्यांनी जंतू मेले म्हणते. मी रजिस्टरात तिच्या नावापुढं पेन्सिलनं खूण केली आणि पुढच्या कामाला लागले. हे लिहिताना मला आजही लाज वाटते. डागाबद्दल मी तिला चकार शब्द सांगितला नव्हता. कसा सांगणार? जंतू म्हणून मोकळी झाले होते ना!

सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, तोंडावर एका सोमवारी मी त्या गावात लसीकरणाला गेले होते. लहान पोरांची रडारड चालू असताना सुनीता सहज बोलून गेली की वंदनाचं गुरुवारी ऑपरेशन आहे, पिशवी काढणार आहेत.

मी सुई खाली ठेवली. कोण काढतंय, कशासाठी काढतंय विचारलं, तर तालुक्याच्या गावातल्या एका खाजगी दवाखान्याचं नाव तिनं घेतलं. सोनोग्राफी केली, पिशवीला सूज आहे म्हणाले. आमच्याकडं पिशवीला सूज हा आजार फार आहे. ज्या घरात जावं तिथं एका तरी बाईची पिशवी गेलेली असते, तीही चाळिशीच्या आत.

लसीकरण उरकून मी थेट तिच्या घरी गेले. सासू अनसूयाबाई ओट्यावर मूग निवडत होत्या. वंदना आतून आली. रंग उतरला होता. मी विचारलं, पुन्हा काय झालं? म्हणाली की महिनाभर बरं वाटलं, मग परत तेच सुरू झालं, आणि आता तर नवऱ्याजवळ गेलं की रक्त जातं. ते रक्ताचं ऐकून मी लगेच विचारलं, त्या दवाखान्यात आतून तपासलं का, पिशवीचं तोंड बघितलं का? नाही म्हणाली. पोटावरूनच मशीन फिरवली.

मग मी अनसूयाबाईंना समजवायला बसले. म्हटलं, मावशी, पिशवीच्या तोंडाशी काही वाईट सुरू झालं असलं तर ऑपरेशन वेगळं असतं, मोठं असतं. ते न बघता नुसती पिशवी काढली तर रोग अर्धा आत राहतो आणि मग त्याच्यामागं धावता धावता माणूस जातं. आणि काही नसलंच, तर या वयात चांगली पिशवी काढायची कशाला? त्या शांतपणे मूग पाखडत राहिल्या. म्हणाल्या, माही काढली, माह्या दोन्ही जावांच्या काढल्या, काई झालं नाई. सोंगनी सुरू व्हायच्या आधी होऊन गेलं म्हंजे बरं.

मी वंदनाला पाणी आणायच्या निमित्तानं आत घेऊन गेले आणि हळूच विचारलं, नवऱ्यानं त्याचं पाकीट घेतलं होतं का?

ती माठाजवळ उभी राहिली. मग म्हणाली, "मीच घेतले दोन्ही."

मला आधी अर्थच लागला नाही. "दोन्ही म्हणजे? त्याच्या वाटचं पण तूच?"

"त्यायले काय सांगू, सिस्टर? हे जंतू कोनाचे घेऊन आली म्हनले असते, मी भेली. मंग म्हनलं दोन घेतले तं दुप्पट मरतीन. दोन दिवस वकाऱ्या झाल्या. मले वाटलं जंतू मरून राह्यले." आणि मग अगदी साधेपणानं म्हणाली, "पन नाई मेले. मंग आता पिशवीच काढून टाकतो म्हनलं."

म्हणजे बाईनं माझंच गणित पुढं सोडवलं होतं. सिस्टर म्हणाली गोळीनं जंतू मरतात. गोळी घेतली, मेले नाहीत. मग ज्या पिशवीत जंतू आहेत ती पिशवीच फेकून द्यायची. चुकली कुठं ती? मी तिथंच एका डब्यावर बसले. इतक्या वर्षांत मी किती बायांच्या हातात दोन-दोन पाकिटं दिली होती, आणि त्यातल्या कितींनी घरी जाऊन नवऱ्याच्या वाटचंही स्वतःच गिळलं असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

गजानन, म्हणजे तिचा नवरा, वावरात होता. मी सुनीताला घेऊन तिथं गेले. लवकर आलेल्या सोयाबीनचं मळणीयंत्र चालू होतं, भुसा उडत होता, आणि मला जे बोलायचं होतं ते त्या आवाजात ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. त्याला लांब बांधावर बोलावलं. वंदनानं गोळ्यांचं काय केलं ते सांगायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं. एक शब्द इकडचा तिकडं झाला असता तर ती शेवंताच्या वाटेनं गेली असती.

म्हटलं, गजाननभाऊ, तुमच्या घरच्या बाईला आतून संसर्ग आहे आणि शिवाय एक डाग आहे, तो मला नीट बघायचा आहे. बुधवारी तिला आमच्याकडं आणा. दोन तासांचं काम आहे. काही नसलं तर गुरुवारी तुम्ही तिला कुठंही न्या. आणि तुम्हालाही दोन गोळ्या घ्याव्या लागतील.

"मले काई नाई झालं, मॅडम. मी कायले घेऊ?"

मी म्हटलं, अर्ध्या वावरातलं तण काढलं आणि अर्ध्यातलं ठेवलं तर बी उडून परत येणारच. हे त्याला कळलं. कळलं म्हणूनच त्याचा चेहरा बदलला. "म्हंजे माह्यामुळं झालं म्हन्ता?" आणि मग आवाज खाली आणून, "का तिच्यामुळं?"

हाच प्रश्न. सुनीता माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, कोणामुळं हे मला माहीत नाही आणि कोणत्याच डॉक्टरला सांगता येणार नाही. लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या माणसांनी ते शोधायलाही जाऊ नये. माझा पारा चढला होता हे कबूल करते. म्हटलं, तुम्हाला बायको पाहिजे की उत्तर पाहिजे, ते ठरवा. तो यंत्राकडं निघून गेला. परतीच्या वाटेवर सुनीता म्हणाली, सिस्टर, जरा जास्त झालं. मला माहीत होतं.

मंगळवार असाच गेला. वंदनाकडं फोन नव्हता, गजाननचा लागत नव्हता. मनात येत होतं, यानं घरी जाऊन तिला काय विचारलं असेल? मारलं असेल का? माझ्यामुळं आणखी एक घर उठणार का? घरी माझ्या मालकांनी दोनदा विचारलं, मीठ टाकलं नाही का आज भाजीत. मी त्यांच्यावरच खेकसले.

बुधवारी सकाळपासून मी केंद्राच्या पायरीवर चार चकरा मारल्या. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. मॅडमना तीन वाजता बैठकीला निघायचं होतं. अडीचला त्यांनी पर्स उचलली. मी म्हटलं, दहा मिनिटं. त्या परत बसल्या, आणि त्याबद्दल मी त्यांना जन्मभर दुवा देईन. पावणेतीनला मोटरसायकल आली. गजाननच्या मागं वंदना आणि तिच्या मागं अनसूयाबाई, तिघंही भुशानं माखलेली.

वंदनाला टेबलावर घेतलं. सूज होतीच, स्राव होताच. व्हिनेगर लावलं आणि घड्याळाकडं बघत राहिले. या वेळी मिनिट पुरं व्हायचीही गरज पडली नाही. मागच्याच जागी डाग आला, पांढराशुभ्र, कडा कात्रीनं कापल्यासारख्या, आणि मागच्यापेक्षा मोठा. मॅडम म्हणाल्या, आता सहा आठवडे थांबायचं नाही. संसर्गाचं औषध आज, आणि उद्याच जिल्ह्याच्या दवाखान्यात, तुकडा काढून तपासायला.

बाहेर येऊन मी गजाननला तेवढंच सांगितलं. पाण्याचा पेला आणि पाकीट त्याच्यापुढं धरलं. त्यानं आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. अनसूयाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यानं गोळ्या घेतल्या, दोन्ही, माझ्या डोळ्यांदेखत. वंदनाला मी तिचं पाकीट दिलं आणि तिथंच घ्यायला लावलं. त्यानंतर तो कोपऱ्यात गेला आणि त्या खाजगी दवाखान्यात फोन लावून म्हणाला, उद्या आम्ही नाई येऊन राह्यलो. पलीकडून बरंच काही बोललं गेलं असावं. तो फक्त नाई, नाई म्हणत होता.

तुकड्याच्या तपासणीत पेशी चांगल्याच बिघडलेल्या निघाल्या, पण रोग खोल गेलेला नव्हता. संसर्ग आटोक्यात आल्यावर जिल्ह्याच्या दवाखान्यात तेवढा भाग विजेच्या तारेनं काढून टाकला आणि तोही तपासायला पाठवला. खरी धाकधूक त्या दुसऱ्या निकालाची होती. त्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्यासोबत गेले. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, कॅन्सर नाही, होण्याच्या वाटेवर होतं, ते सगळं निघालं आहे, कडा स्वच्छ आहेत. पिशवी काढायची गरज नाही. पण विषाणू अंगात आहे का ते बघत राहावं लागेल, वर्षानं नक्की या.

बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो. वंदनानं विचारलं, विषाणू म्हंजे काय? तुम्ही तं जंतू म्हनलं होतं.

या वेळी मी पळ काढला नाही. विष नाही, हे आधी सांगितलं. मग सगळं सांगितलं. दोन वेगळ्या गोष्टी होत्या, एक गोळीनं मरणारी आणि एक न मरणारी, पहिलीनं दुसरीला घर करून दिलं, आणि मी दोन्हींना एकच नाव देऊन तुला अंधारात ठेवलं, माझी चूक झाली. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "हे कोनाकून आलं, सिस्टर?"

कोणालाच सांगता येत नाही, सगळ्यांनाच येतं, हे माझं पाठ झालेलं उत्तर तोंडावर आलंच होतं. ते खोटंही नाही. पण त्याआधी गजानन बोलला, खाली फरशीकडं बघत.

"माह्याकून आलं असन."

इतक्या वर्षांच्या नोकरीत कोण्या नवऱ्याच्या तोंडून हे मी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटलं. मोकळेपणानं सांगते, माझे डोळे भरले. वाटलं, आता वंदनालाही बरं वाटेल. तिनं त्याच्याकडं पाहिलं. हातातली निकालाची कागदं नीट घडी घालून पिशवीत ठेवली, पदर सारखा केला, आणि मग म्हणाली,

"मंग मी एवढी भेली काऊन?"